गाडीचा रंग कोणता?

मी पदवीच्या वर्गांना इंग्रजी शिकवते. 'अमेरिकन साहित्य' या पेपरात एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड यांची 'द ग्रेट गॅट्सबी' ही कादंबरी मी बऱ्याच वर्षांपासून शिकवत आले आहे. तिच्यावर एक प्रश्न परीक्षेत हमखास येतो : 'कादंबरीतील रंगांचे प्रतीकात्मक महत्त्व स्पष्ट करा.' त्यासाठी माझ्याजवळ एक तयार तक्ता होता. माझ्या एम.ए.च्या वहीतून तो टाचणवहीत आला आणि तिथून मुलांच्या वह्यांत. हिरवा म्हणजे आशा. पांढरा म्हणजे वरवरची निरागसता. पिवळा म्हणजे पैसा आणि ऱ्हास. निळा म्हणजे स्वप्न. राखाडी म्हणजे निराशा. मुलं लिहून घ्यायची, पाठ करायची, मार्क मिळवायची. कुणाची काही तक्रार नव्हती.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते, वर्गात निम्मी मुलं ओल्या कपड्यांत बसलेली. मी नेहमीप्रमाणे तक्ता फळ्यावर काढला. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. आई कन्नड, वडील मराठी, अशा आपल्याकडच्या घरातली. तिनं विचारलं, "मॅडम, गॅट्सबीच्या गाडीचा रंग नक्की कोणता?"

"पिवळा," मी म्हटलं.

"पण चौथ्या प्रकरणात क्रीम कलर लिहिलंय. आणि अपघात झाल्यावर एकजण पोलिसाला फिकट हिरवी गाडी म्हणून सांगतो. मग तक्त्यात ती कुठल्या रकान्यात घालायची?"

वर्ग हसला. मीही हसले. पण उत्तर माझ्याजवळ नव्हतं. "उद्या सांगते" असं म्हणून मी तास उरकला. त्या रात्री जेवणं झाल्यावर कादंबरी आणि पेन्सिल घेऊन बसले आणि जिथं रंगाचा शब्द येईल तिथं खूण करत गेले. इतकी वर्षं शिकवूनही काही पानं मी पहिल्यांदाच वाचते आहे असं वाटलं. त्या वाचनातून जे हाती आलं ते वाचकांपुढं ठेवते.

कथा थोडक्यात

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी आधी कथा सांगते. २०१३ साली तिच्यावर आलेला चित्रपट काहींनी पाहिला असेल. लिओनार्डो डिकॅप्रिओ त्यात गॅट्सबी होता आणि आपले अमिताभ बच्चन एका छोट्या भूमिकेत होते.

काळ १९२२ चा उन्हाळा, ठिकाण न्यूयॉर्क शहराला लागून असलेलं लाँग आयलंड. निक कॅरावे नावाचा तरुण ही गोष्ट सांगतो. त्याच्या शेजारच्या प्रचंड वाड्यात जे गॅट्सबी राहतो. दर शनिवारी तिथं शेकडो माणसं येऊन खातात, पितात, नाचतात, आणि यजमान कोण हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नसतं. मुळात तो नॉर्थ डकोटातल्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा. अमेरिकेत १९२० पासून दारूबंदी होती, त्या काळात चोरट्या दारूच्या धंद्यात त्यानं पैसा केला. पाच वर्षांपूर्वी सैन्यात असताना त्याचं डेझी नावाच्या श्रीमंत घरातल्या मुलीवर प्रेम बसलं. तो युद्धावर गेला आणि तिनं टॉम ब्यूकॅनन या पिढीजात श्रीमंताशी लग्न केलं. आता गॅट्सबीनं खाडीच्या अलीकडं वाडा घेतला आहे, कारण पलीकडच्या काठावर डेझीचं घर आहे. टॉमचं बाहेर एक प्रकरण आहे. रस्त्यावर गॅरेज चालवणाऱ्या जॉर्ज विल्सनची बायको मर्टल ही ती बाई. उन्हाळा संपेपर्यंत मर्टल, गॅट्सबी आणि विल्सन ही तिघंही मेलेली असतात. टॉम आणि डेझी सामान बांधून दुसरीकडं निघून जातात.

हिरवा दिवा

डेझीच्या घरासमोर पाण्यात बांधलेल्या धक्क्याच्या टोकाला रात्रभर एक हिरवा दिवा जळतो. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी निक पाहतो, तर गॅट्सबी अंधारात एकटा उभा राहून पाण्याकडं हात पसरतो आहे. निकला पलीकडं दिसतो तो फक्त एक बारीक हिरवा ठिपका. इथं 'हिरवा म्हणजे आशा' हे सहज पटतं.

पण पाचव्या प्रकरणात डेझी प्रत्यक्ष गॅट्सबीच्या वाड्यात येते. बाहेर पाऊस असतो. गॅट्सबी तिला सांगतो, की धुकं नसतं तर तुझं घर इथून दिसलं असतं, तुझ्या धक्क्यावर रात्रभर हिरवा दिवा असतो. एवढं बोलून तो गप्प होतो. निकच्या लक्षात येतं, की त्या दिव्याचं मोठेपण या क्षणी संपलं. डेझी शेजारी उभी आहे, तेव्हा तो दिवा पुन्हा साधा दिवा झाला. गॅट्सबीच्या जगातल्या मंतरलेल्या वस्तूंमधली एक कमी झाली.

ही जागा मी दरवर्षी शिकवत होते आणि दरवर्षी तक्त्याच्या नादात ओलांडून पुढं जात होते. हिरव्या रंगात आशा आधीपासून भरलेली नव्हती. ती पाहणाऱ्यानं, दुरून, अंधारात त्यात घातली होती. अंतर मिटलं तशी आशा उतरली. डेझी स्वतः त्या दिव्याकडं कधी हात पसरून उभी राहिली असेल का? तिच्या दृष्टीनं तो होड्यांना धक्का दिसावा म्हणून लावलेला दिवा.

शेवटच्या पानांवर हिरवा रंग पुन्हा येतो. न्यूयॉर्क ही मुळात डच लोकांची वसाहत. त्या डच खलाशांना हा किनारा पहिल्यांदा दिसला तेव्हा तो नव्या जगाचा हिरवागार प्रदेश होता, असं निकच्या मनात येतं. गॅट्सबीच्या वाड्यासाठी जागा व्हावी म्हणून तिथली झाडं कधीच गेलेली आहेत. अमेरिकन नोटेची मागची बाजूही हिरवीच असते आणि बोलीत डॉलरला 'ग्रीनबॅक' म्हणतात, हेही विसरून चालत नाही. झाडाची हिरवाई आणि नोटेची हिरवाई यांतली कुठली गॅट्सबीला दिसत होती, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

पांढरा वेश

पहिल्या भेटीत डेझी आणि तिची मैत्रीण जॉर्डन दोघी पांढऱ्या कपड्यांत मोठ्या कोचावर बसलेल्या असतात. वाऱ्यानं त्यांचे झगे फडफडत असतात. लग्नाआधी लुईव्हिल गावात डेझी पांढरे कपडे घालायची आणि तिची छोटी गाडीही पांढरी होती. मार्गदर्शिका इथं 'निरागसता' लिहून मोकळ्या होतात.

आपल्याकडच्या मुलांना पांढरा म्हटलं की पूर्वीच्या विधवेचं लुगडं आठवतं, त्यामुळं हा अर्थ त्यांना सांगावा लागतो. पण मराठीत एक शब्द आहे जो मला जास्त उपयोगी वाटला : पांढरपेशा. ज्याच्या कामानं कपडे मळत नाहीत तो पांढरपेशा. डेझीचे कपडे पांढरे राहतात कारण मळ दुसऱ्याच्या अंगावर जातो. तिच्या हातून एक बाई मरते आणि त्या मरणाचा डाग गॅट्सबीच्या नावावर लागतो. पांढरेपणाचा हा अर्थ परीक्षेच्या उत्तरात सहसा येत नाही.

दुसराही एक अर्थ आहे आणि तो आपल्याला जवळचा आहे. पहिल्याच प्रकरणात टॉम जेवणाच्या टेबलावर एका पुस्तकाचा हवाला देऊन सांगतो, की गोऱ्या वंशानं सावध राहायला हवं, नाहीतर बाकीचे वंश त्याला बुडवतील. पुस्तकाचं नाव लेखकानं थोडं बदललं आहे, पण लोथ्रॉप स्टॉडर्ड यांचं १९२० साली निघालेलं याच धाटणीचं पुस्तक अमेरिकेत गाजलेलं होतं. हे नुसतं टेबलावरचं बोलणं नव्हतं. १९२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंड या पंजाबी माणसाच्या खटल्यात निकाल दिला, की हिंदुस्थानातला माणूस कायद्याच्या अर्थानं 'गोरा' नाही, म्हणून त्याला नागरिकत्व देता येत नाही. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता, त्याचा उपयोग झाला नाही. कादंबरी प्रसिद्ध झाली १९२५ मध्ये. त्या देशात त्या वर्षी पांढरा हा कायद्याचा शब्द होता. डेझीचा पांढरा झगा पाहताना हे माहीत असलेलं बरं.

क्रीम आणि गुलाबी

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडं येते. चौथ्या प्रकरणात निक गॅट्सबीची गाडी पहिल्यांदा नीट पाहतो तेव्हा तिचा रंग क्रीम असतो, घट्ट सायीसारखा. आत हिरव्या चामड्याच्या बैठका. पेन्सिलनं खुणा करत असताना क्रीम रंग मला आणखी एका ठिकाणी सापडला. टॉमनं मर्टलसाठी न्यूयॉर्कमध्ये घेतलेल्या छोट्या फ्लॅटमध्ये ती कपडे बदलून येते, तो झगा क्रीम शिफॉनचा आहे. तो घातल्यावर तिचं वागणंच बदलतं, ती एखाद्या बड्या घरच्या बाईसारखी बोलू लागते.

गॅरेजवाल्याची बायको आणि शेतकऱ्याचा मुलगा. दोघांनाही डेझीच्या पांढऱ्या जगात शिरायचं आहे आणि दोघंही पांढऱ्याच्या अगदी जवळ येऊन क्रीमवर थांबली आहेत. लेखकानं हे जाणूनबुजून केलं असेल की नाही, यावर मी वाद घालणार नाही. पण पानांवर ते आहे.

गॅट्सबीच्या गुलाबी सुटाचंही तसंच. डेझीला पाच वर्षांनी भेटताना त्यानं पांढरा फ्लॅनेलचा सूट, रुपेरी शर्ट आणि सोनेरी टाय घातला होता. नंतर तिला आपले शर्ट दाखवताना तो ढीगच्या ढीग समोर टाकतो. पोवळ्याचे, हिरव्या सफरचंदाचे, फिकट जांभळे, नारिंगी असे रंग, आणि डेझी त्या शर्टांत तोंड खुपसून रडते. पण सातव्या प्रकरणात, ऐन उकाड्याच्या दिवशी, तो गुलाबी सुटात येतो. हा माणूस ऑक्सफर्डला शिकला असं कुणी म्हणालं, की टॉम उसळतो : गुलाबी सूट घालणारा माणूस आणि ऑक्सफर्ड? नवा पैसा कपड्यांवरून ओळखता येतो, यावर टॉमचा पक्का विश्वास आहे. आपल्या लग्नसमारंभांतही नव्या श्रीमंताच्या शेरवानीकडं बघून जुन्या वाड्यातली माणसं एकमेकांकडं कशी पाहतात, हे वाचकांना सांगायला नको.

राख दोन्ही भाषांत

लाँग आयलंडहून न्यूयॉर्कला जाताना वाटेत राखेचं एक मैदान लागतं. घराघरांत आणि कारखान्यांत कोळसा जळायचा, त्याची राख इथं आणून टाकली जायची. विल्सनचं गॅरेज या राखेच्या कडेला आहे. ही जागा लेखकाच्या कल्पनेतली नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात कोरोना या ठिकाणी खरोखर असे राखेचे डोंगर होते. पुढं १९३९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी ते हटवले गेले आणि तिथं मोठं उद्यान झालं. आपण टीव्हीवर यूएस ओपन टेनिस पाहतो, ते सामने १९७८ पासून त्याच उद्यानात होतात.

विल्सनच्या कपड्यांवर, केसांवर आणि आसपासच्या सगळ्या वस्तूंवर राखेची पांढरट धूळ बसलेली असते. फक्त त्याच्या बायकोवर नसते. म्हणजे या कादंबरीत पांढरी धूळही आहे, आणि ती गरिबाच्या अंगावर आहे. तक्त्यातला पांढऱ्याचा रकाना इथं पुन्हा अपुरा पडतो.

इंग्रजीत 'ग्रे' आणि 'अ‍ॅश' हे दोन वेगळे शब्द आहेत. त्यांचा संबंध शिक्षकानं मुलांना जोडून दाखवावा लागतो. मराठीत मात्र रंगाचं नावच राखाडी आहे, राखेवरून आलेलं. कन्नडमध्ये राख म्हणजे बूदि आणि हा रंग म्हणजे बूदु बण्ण. दोन्ही भाषा घरात असलेल्या मुलांना हे एका वाक्यात समजतं. उलट पिवळ्याच्या बाबतीत आपली अडचण होते. कन्नडमध्ये पिवळ्याला हळदी म्हणतात. मराठी घरातही पिवळा म्हणजे हळद, लग्न, खंडोबाचा भंडारा. फिट्झजेराल्डचा पिवळा असा नाही. डेझी गॅट्सबीला आणि निकला सोन्याची वाटते, पण सोन्याचा रंग जरा फिका झाला की तो पिवळा होतो आणि गाडीवर, दारूच्या मैफलीच्या संगीतावर, शेवटी गॅट्सबीच्या पोहण्याच्या तलावाभोवतीच्या वाळत चाललेल्या झाडांवर येऊन बसतो. मुलांना मी आता आधी सांगते, की हळद थोडा वेळ बाजूला ठेवा, मग वाचा.

ती पिवळी गाडी

सातव्या प्रकरणात उकाड्याच्या दिवशी सगळे दोन गाड्या घेऊन न्यूयॉर्कला जायला निघतात. टॉमच्या मनात गॅट्सबीविषयी संशय असतो. त्या तिरीमिरीत तो गॅट्सबीची गाडी स्वतः चालवायला घेतो आणि आपली निळी गाडी गॅट्सबीला देतो. वाटेत तो विल्सनच्या गॅरेजवर पेट्रोलसाठी थांबतो. बायकोचं बाहेर काहीतरी आहे हे विल्सनला त्याच सुमाराला कळलेलं असतं, कुणाबरोबर ते कळलेलं नसतं. त्यानं तिला वरच्या खोलीत कोंडून ठेवलेलं आहे. खिडकीतून मर्टल टॉमला त्या पिवळ्या गाडीत पाहते.

न्यूयॉर्कमध्ये टॉम आणि गॅट्सबी यांची तोंडातोंडी होते. परतताना गॅट्सबी आणि डेझी त्यांच्या स्वतःच्या गाडीत असतात आणि गाडी डेझी चालवते. संध्याकाळच्या अंधारात मर्टल घरातून सुटून धावत रस्त्यावर येते, हात हलवते. तिला वाटतं गाडीत टॉम आहे. गाडी थांबत नाही.

पोलीस विचारतो तेव्हा एक साक्षीदार म्हणतो, मोठी नवी पिवळी गाडी होती. शेजारचा हॉटेलवाला मायकेलिस पहिल्या पोलिसाला फिकट हिरवी सांगून बसलेला असतो. मागून टॉम निळ्या गाडीतून येतो आणि आधी विल्सनला बाजूला घेऊन बजावतो, की दुपारी मी चालवत होतो ती पिवळी गाडी माझी नव्हती. दुसऱ्या दिवशी ती कुणाची हेही तोच सांगतो. विल्सन गॅट्सबीला गोळी घालतो, मग स्वतःला. गाडी चालवणारी डेझी होती हे विल्सनला शेवटपर्यंत समजत नाही.

मी हे वाचत होते तेव्हा आमच्या अत्ते समोर शेंगा सोलत बसल्या होत्या. अत्ते म्हणजे सासूबाई, आमच्या घरात कन्नडच शब्द चालतो. कसलं एवढं वाचतेस, म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी मध्ये एकदाच थांबवलं, "गाडी कोण चालवत होतं म्हणालीस?" मी सांगितलं. त्या थोडा वेळ सोलत राहिल्या, मग म्हणाल्या, "तिनं गाडी ओळखली. आत कोण आहे ते बघितलं नाही. नवऱ्यानंपण तेच केलं."

इंग्रजी समीक्षेची जी पुस्तकं मी इतकी वर्षं चाळली, त्यांतून मला हे इतकं सरळ कधी कळलं नव्हतं. मर्टल रंग ओळखून धावली आणि मेली. विल्सन रंगाचा माग काढत गेला आणि चुकीच्या माणसाला मारून बसला. लेखकानं गाडीचा रंग आधी क्रीम, मग पिवळा, एका साक्षीत हिरवा ठेवला, ही चूक नाही. रंग पाहणाऱ्यावर आणि पाहण्याच्या वेळेवर अवलंबून असतो आणि त्याच्यावर विसंबून निवाडा करणारी माणसं फसतात, हीच तर कादंबरीची कथा आहे.

चष्म्यातले डोळे

त्या राखेच्या मैदानावर एक जुनी जाहिरात उभी आहे. डॉ. टी. जे. एकलबर्ग नावाच्या कुणा डोळ्यांच्या डॉक्टरची. चेहरा नाही, नुसते अवाढव्य निळे डोळे आणि त्यांवर पिवळा चष्मा. डॉक्टर केव्हाच निघून गेला, पाटीवरचा रंग उन्हापावसानं विटला. मर्टल मेल्यानंतरच्या रात्री विल्सन त्या डोळ्यांकडं बघत म्हणतो, की देवाला सगळं दिसतं. मायकेलिस त्याला समजावतो, अरे, ती जाहिरात आहे. डोळ्यांच्या डॉक्टरची पाटी गावभर बघते आहे, आणि खाली कुणालाच नीट दिसत नाही.

आपल्या भाषेत बंगल्यापुढच्या लॉनला हिरवळ म्हणतात. ती निळी कशी असेल? पण निक शेवटी गॅट्सबीच्या हिरवळीला निळी म्हणतो, त्याच्या बागाही उन्हाळ्यातल्या रात्री निळ्या असतात. रात्री पाहिलं तर हिरवळ खरंच निळी दिसते. फिट्झजेराल्ड बऱ्याचदा डोळ्यांना दिसतं तेच लिहितो, आणि आम्ही शिक्षक त्यावर अर्थाची चिठ्ठी चिकटवतो.

रंगांचं हे वेड शीर्षकापर्यंत पोचलं होतं. पुस्तक छापून व्हायला आलं असताना, मार्च १९२५ मध्ये, युरोपात असलेल्या फिट्झजेराल्डनं प्रकाशकाला तार केली, की नाव बदलून 'लाल, पांढऱ्या आणि निळ्याच्या छायेत' अशा अर्थाचं इंग्रजी नाव ठेवा. अमेरिकेच्या झेंड्याचे हे तीन रंग. तोवर उशीर झाला होता. १० एप्रिल १९२५ रोजी पुस्तक जुन्याच नावानं निघालं. लेखकाला हवा होता तसा खप झाला नाही. २१ डिसेंबर १९४० रोजी, वयाच्या ४४ व्या वर्षी तो गेला तेव्हा दुसऱ्या छपाईच्या प्रती गोदामात शिल्लक होत्या. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना वाचायला म्हणून सुमारे १,५५,००० प्रती छापून वाटल्या गेल्या आणि तिथून या पुस्तकाचं नशीब फिरलं. हा अमेरिकन झेंडा कादंबरीवर खरंच फडकत राहिला असता, तर त्याचा अर्थही प्रत्येक वाचकानं आपापल्या जागेवरून लावला असता.

वर्गात पुन्हा

दुसऱ्या दिवशी मी वर्गात फळ्यावर तोच तक्ता काढला आणि त्यात दोन रकाने वाढवले : कोण पाहतंय, आणि कुठून पाहतंय. मग प्रत्येक रंगापुढं प्रसंग मांडत गेलो. तास कधी संपला कळलं नाही. मागच्या बाकावरून एकानं अगदी रास्त प्रश्न विचारला, "मॅडम, मग परीक्षेत काय लिहायचं?" मी खरं ते सांगितलं : "आधी नेहमीचा अर्थ लिहा, कारण तपासणारा तो शोधतो. मग एका तरी प्रसंगात तो अर्थ कसा बदलतो ते लिहा." इतकी वर्षं अर्धंच उत्तर लिहून देत आले, याची खंत आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांपैकी कितीजणांनी तो तक्ता खरा मानून पुस्तक मिटलं असेल!

तास संपल्यावर ती मुलगी माझ्याबरोबर जिन्यापर्यंत आली. म्हणाली, "मॅडम, हे आमच्या घरी दरवर्षी होतं." मी विचारलं, काय होतं? तिनं १ नोव्हेंबरचं सांगितलं. त्या दिवशी तिचा मामा लाल-पिवळा शेला घालून राज्योत्सवाच्या मिरवणुकीत जातो. तिचे काका काळी फीत बांधून सायकल फेरीत जातात. लहानपणी तिला एकानं लाल-पिवळी फीत दिली की दुसऱ्याकडं जाताना ती दप्तरात लपवावी लागायची. रात्री दोघंही तिच्या घरी जेवायला असतात, कारण तिच्या धाकट्या भावाचा वाढदिवस त्याच दिवशी येतो. "जेवताना फीत काढून ठेवतात," ती म्हणाली, "मग ते मामा आणि काका असतात."

मी सीमाप्रश्नावर बोलणारी कुणी तज्ज्ञ नाही, आणि ज्यांनी त्यासाठी सोसलं आहे त्यांचं सोसणं मला हलकं करायचं नाही. झेंड्याचा रंग, फितीचा रंग यांना इतिहास असतो, तो खोटा नसतो. पण आपण बेळगावची माणसं रस्त्यात रंग फार लवकर ओळखतो, दुकानाच्या पाटीवरचा, गाडीवरचा, खांद्यावरचा. त्या उन्हाळ्याच्या संध्याकाळी मर्टलनंही गाडी लांबूनच ओळखली होती.

तो तक्ता माझ्या टाचणवहीत अजून आहे. फाडून टाकावा असं वाटलं होतं, पण टाकला नाही. त्याच्या वर मी पेन्सिलनं अत्तेंचं वाक्य लिहून ठेवलं आहे आणि दरवर्षी ही कादंबरी सुरू करताना मुलांना आधी ते वाचून दाखवते. मग विचारते, "सांगा बघू, गाडीचा रंग कोणता?"